वेग निम्मा केला की बॅटरी दुप्पट? असं होत नाही

कर्नलकार
इथे काल सल्ला आला, "फोनच्या प्रोसेसरचा वेग निम्मा करा, बॅटरी दुप्पट टिकेल." हे वाचून गप्प बसवत नाही. शक्तीचा खर्च वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत बदलतो. व्होल्टेज तेवढंच ठेवून वेग निम्मा केला तर तेच काम दुप्पट वेळ चालतं. वाचत काहीच नाही, उलट गळतीचा प्रवाह (काम नसतानाही चिपमधून झिरपणारी वीज) आणि स्क्रीन तेवढा वेळ जास्त खातात.

सह्यकडा
अर्धंच सांगताय. वेग उतरला की व्होल्टेजही उतरतं, चिपच्या टेबलात वेग-व्होल्टेजची जोडीच ठरलेली असते. वेगाच्या वरच्या दोन-तीन पायऱ्यांवर व्होल्टेज झपाट्याने चढतं, त्या कापा. मोठ्या (वेगवान) कोअरच्या पॉलिसीत, म्हणजे सेटिंगच्या फोल्डरमध्ये, स्केलिंग_मॅक्स_फ्रीक (scaling_max_freq) या कमाल वेगाच्या फाइलीत उपलब्ध वेगांच्या यादीतलाच आकडा किलोहर्ट्झमध्ये लिहा. दहा मिनिटांनी परत वाचा, कारण कंपनीची बूस्ट सेवा तो पुसून स्वतःचा लिहिते. लहान कोअर आवळू नका, नाहीतर शेड्युलर (कोअरना काम वाटणारा भाग) तेच काम मोठ्यांवर ढकलतो.

कर्नलकार
वरच्या पायऱ्यांचं मान्य, नाइलाजाने. पण "प्रत्येक पायरी २५ मिलिव्होल्ट खाली आणा" हे लोक अजून का सांगतात? नेक्सस ५ या जुन्या फोनवर कस्टम कर्नल (सिस्टिमचा बदललेला गाभा) टाकून ते जमायचं. स्नॅपड्रॅगन ८४५ चिपपासून सीपीयूचं (मुख्य प्रोसेसरचं) व्होल्टेज फर्मवेअरच्या (कंपनीने आत बसवलेल्या सॉफ्टवेअरच्या) हातात आहे. उरतं जीपीयूचं (ग्राफिक्स चिपचं) टेबल, ते काही चिपांवर कोनाबेस या ॲपने बदलता येतं. आधी मूळ बूट इमेजची (फोन सुरू होताना लागणाऱ्या, यात बदलल्या जाणाऱ्या फाइलीची) प्रत संगणकावर ठेवा.

पासबुक
आणि यूपीआयचं काय? हे सगळं करायला आधी बूटलोडर (सिस्टिम सुरू करणारा, कुलूपबंद प्रोग्राम) उघडावा लागतो, आणि तो उघडताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, हे वर कोणीच लिहिलेलं नाही. पुढे प्ले इंटिग्रिटी (फोनमध्ये फेरफार नाही ना, ही गूगलची तपासणी) नापास होते, बँकेची बरीच ॲपं उघडत नाहीत. काही फोनांवर वाइडवाइन (व्हिडिओची चोरी रोखणारं संरक्षण) वरच्या एल१ पातळीवरून खालच्या एल३ वर घसरतं, मग एचडी व्हिडिओही गेला.

सह्यकडा
लोकांना घाबरवू नका. बँकेसाठी दुसरा फोन ठेवा.

पासबुक
बॅटरीच्या दोन तासांसाठी दुसरा फोन? हा सल्ला झाला का? आणि बँकेची ॲपं चालावीत म्हणून, बदललेली बूट इमेज तशीच ठेवून, कोणी बूटलोडर परत लॉक केला तर फोन सुरूच होणार नाही. हे तुम्ही सांगायला हवं होतं.

सह्यकडा
बरोबर आहे, सांगायला हवं होतं. लॉक करण्याआधी मूळ फर्मवेअर पूर्ण टाका.

कर्नलकार
जुन्या फोनवर व्होल्टेज उतरवणाऱ्यांनी एवढं करा. नुसत्या स्ट्रेस टेस्टवर (प्रोसेसरला पूर्ण ताण देणाऱ्या चाचणीवर) विसंबू नका, ती वरचीच पायरी तपासते. फोन गोठतो तो बहुतेक खालच्या पायरीवर, झोपेतून उठताना. रात्रभर पडू द्या. तोवर "बूटला लागू करा" (फोन सुरू होताच सेटिंग लावा) हा पर्याय बंद ठेवा, नाहीतर बूटलूप, म्हणजे फोन पुन्हापुन्हा रीस्टार्टच होत राहील. आणि स्क्रीन बंद असतानाच टक्के भराभर उतरत असतील तर आधी वेकलॉक (फोनला झोपू न देणारी ॲपची पकड) शोधा. फोन झोपतच नसेल तर वेगाची मर्यादा घालून काही हाती लागणार नाही.