मदत हवी आहे: कडप्प्याच्या ओट्यावर बसेल अशी नारळाची खवणी

आईचे गुडघे दुखतात, त्यामुळे विळीवर बसून नारळ खवणं बंद झालंय. म्हणून खाली रबराची वाटी असलेली, हँडल फिरवायची व्हॅक्यूम खवणी आणली. वस्तू झकास आहे, पण आमचा ओटा कडप्प्याचा. अर्धी वाटी खवून होईपर्यंत रबर फुस्स करून सुटतं आणि खवणी उचलून हातात येते.

रबर ओलं करून पाहिलं, तेलाचं बोट फिरवलं, ओटा घासूनपुसून कोरडा केला. स्टीलच्या ताटावर मात्र ती घट्ट बसते (मग ताटच गरागरा फिरतं, ते वेगळं!). म्हणजे रबर ठीक आहे, दगड खडबडीत असल्याने रबराखालून हवा शिरते.

घर भाड्याचं, तेव्हा ओट्याला भोक पाडणं किंवा काही कायमचं चिकटवणं नको. मिक्सरही सुचवू नका, मोदकाच्या सारणाला तो नारळ चालत नाही. हाताने ओढायची खवणी आईच्या मनगटाला झेपत नाही.

कडेला स्क्रूने आवळायची खवणी कोणी वापरता का? आमच्या ओट्याची कड पट्टीसकट पावणेदोन इंच जाड आहे. तेवढा जबडा उघडणारी 500 रुपयांच्या आत मिळेल का?