अनुभव धागा : कंपनीने गाडी परत बोलावली तेव्हा...

किकस्टार्ट
गेल्या आठवड्यात आमच्या बाइकचा 'रिकॉल'चा, म्हणजे सदोष भाग तपासून-बदलून द्यायला कंपनीने गाडी परत बोलावल्याचा, मेसेज आला. बाबांना वाचून दाखवला, तर त्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे आता विकताना भाव पडणार?" गाडी चालवायची की नाही, हे त्यांनी विचारलं नाही, मीही नाही. दोन दिवस मेसेज तसाच पडून. तिसऱ्या दिवशी चेसिस नंबर शोधायला मोबाइलचा उजेड पाडून हँडलखाली वाकलो, तर तिथे ग्रीस आणि धुळीचा थर. जुना टूथब्रश पेट्रोलमध्ये बुडवून घासला तेव्हा कुठे १७ अक्षरं दिसली. आरसीवरही तोच नंबर असतो, हे नंतर आठवलं. शोरूममध्ये ४० मिनिटांत काम झालं, बिल शून्य.

तुमचं काय झालं? गेलात, की 'चालतेय ना' म्हणून सोडून दिलंत? एकच विनंती, स्वतःचा अनुभव लिहिताना कंपनी-शोरूमचं नाव नको. धागा भांडणात जातो.

डिकीत_छत्री
स्कूटर चालवते मी, पण नावावर सासऱ्यांच्या, म्हणजे फोनही त्यांनाच. 'बघतो' म्हणून त्यांनी ठेवून दिला. मला कळलं पंधरा दिवसांनी, आमटी वाढताना. "अहो बाबा, ब्रेकचं आहे ते!" तर म्हणे, "एकदा उघडलेली गाडी परत पहिल्यासारखी बसत नाही." ज्या माणसाने २० वर्षं स्कूटर तिरकी करून किक मारली, त्याच्याशी काय वाद घालणार? ऑफिसला जाताना मीच सोडून आले. फिटरने जुना लिव्हर काढून हातात ठेवला, शेजारी नवा. बोट फिरवून पाहिलं, मला दोन्ही सारखेच वाटले. संध्याकाळी सासरे मात्र पार्किंगमध्ये बराच वेळ ब्रेक दाबून बघत होते. बोलले काहीच नाहीत.

काउंटरपलीकडून
मी ७ वर्षं सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर होतो, आमचंही ऐका. यादी आली की फोन लावायला बसायचं. निम्म्यांना वाटतं सर्व्हिसिंगसाठी गिऱ्हाईक गोळा करतोय, उरलेल्यांना वाटतं ओटीपी मागणार. 'माझ्या गाडीला काही झालं नाही' हे तर ठरलेलं. अहो, झाल्यावर बोलावून काय उपयोग? आलेला माणूस 'फुकट आहे ना, मग ऑइलपण बदला आणि धुऊन द्या' म्हणणारच. कधी उलटं, माणूस सकाळी ९ ला दारात आणि पार्टच आलेला नाही. त्या शिव्या मात्र रास्त.

पार्ट बदलला नाही म्हणूनही भांडणं होतात. मे २०२१ मध्ये रॉयल एनफिल्डने इग्निशन कॉइलसाठी २,३६,९६६ गाड्या बोलावल्या (मी तिथला नव्हे), तेव्हाच कंपनीने सांगितलं होतं की बदलायची वेळ १० टक्क्यांहून कमी गाड्यांवर येईल. बाकीच्या नुसत्या तपासून सोडायच्या. पण सुट्टी टाकून आलेल्याला 'तुमची चांगली आहे' म्हटलं की त्याला आनंद होत नाही, फसवल्यासारखं वाटतं.

कलम_किडा
थोडं कायद्याचं. २०१२ पासून वाहन उत्पादकांच्या सियाम या संघटनेची रिकॉलसाठी ऐच्छिक आचारसंहिता होती. १ एप्रिल २०२१ पासून सक्ती आली. ७ वर्षांच्या आतल्या गाड्या सरकार परत बोलवायला लावू शकतं, दंड १० लाखांपासून १ कोटीपर्यंत. पण हा बडगा कंपनीवर. मालक फिरकलाच नाही, तर त्याला कुणी विचारत नाही.

धानोरीकर
माझा अनुभव उलटा, रिकॉल नसताना भोगलेला. मार्च २०२२ मध्ये इथे पुण्यात जवळच लोहगावात ओलाची स्कूटर पेटली, व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला. पुढच्या महिन्यात कंपनीने त्या बॅचच्या १,४४१ स्कूटर तपासायला बोलावल्या. माझी इलेक्ट्रिक स्कूटर भलत्याच कंपनीची, कुठल्याच यादीत नाही. तरी सोसायटीने पार्किंगमधला प्लग काढला तो काढलाच. सेक्रेटरी भेटला की, "तुमचीपण परत घ्यायला सांगा ना." तीन महिने ऑफिसात चार्जिंग केलं.

स्टुटगार्टकर
कलमसाहेब, इकडे जर्मनीत विचारतात! माझ्या सेकंडहँड बाइकसाठी पत्र आलं, टाळलं. मग दुसरं आलं. त्यात लिहिलं होतं की काम करून घेतलं नाही, तर नोंदणी कार्यालय गाडी रस्त्यावर आणायला मनाई करू शकतं. तिसऱ्याची वाट पाहिली नाही. मी या गाडीचा तिसरा मालक, तरी पत्र बरोबर माझ्याच दारात, कारण पत्ता सरकारी नोंदीतून घेतात.

जतचा_गडी
तुमचं वाचून काल रात्री कंपनीच्या साइटवर माझा नंबर टाकला आणि झोपच उडाली. गाडी सेकंडहँड, साताऱ्याच्या एका मास्तरांकडनं घेतलेली. पावसात मिसिंग करायची, म्हणजे इंजिन अडखळायचं. आमच्या मेस्त्रीनं प्लग बदलला, फिल्टर बदलला, टाकीतलं पेट्रोलसुद्धा काढून टाकलं. बाराशे गेले, मिसिंग तसंच. आणि साइट म्हणतेय, स्पार्क प्लगच्या वायरीचा रिकॉल आहे, दोन वर्षांपासून! मास्तरांना फोन लावला तर म्हणाले, "हो हो, मेसेज यायचे की. गाडी विकलीय म्हणून मी डिलीट करत होतो."

आरसी मी तेव्हाच नावावर करून घेतली. पण कंपनीकडं मोबाइल नंबर अजून मास्तरांचाच. तो वेगळा बदलून घ्यायचा असतो, हे ना एजंटनं सांगितलं ना मला सुचलं. आता सर्व्हिस सेंटर सांगलीत, जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या वर, एक दिवसाची मजुरी बुडाली. सोमवारी सकाळी ६ ला निघतोय. येताना भडंग आणणार आहे, कवठेमहांकाळच्या रस्त्याला कुणाला पाहिजे असेल तर आवाज द्या.

काउंटरपलीकडून
जतकर, निघायच्या आधी शनिवारी सेंटरला फोन लावा. चेसिस नंबर सांगून पार्ट बाजूला काढून ठेवायला लावा, आणि फोनवर कोण बोललं त्याचं नाव लिहून घ्या. भडंग मलापण.