व्हिसावर नाव वेगळं आलंय, १२ दिवसांनी विमान आहे, लवकर सांगा

मांजराकाठ (२४ एप्रिल, रात्री १०.४०)
व्हिएतनामचा ई-व्हिसा आज मेलवर आला. त्यावरचं नाव पासपोर्टशी जुळत नाही. ६ मेचं मुंबई-हनोई तिकीट काढून झालंय, पैसे परत मिळणार नाहीत. असंच गेलं तर चालतं का? साइटवर दुरुस्तीचं बटण कुठं सापडेना. ज्यांना माहीत आहे त्यांनीच सांगा, अंदाज नकोत. लई घाई आहे.

गोदाकाठचा
जुळत नाही म्हणजे नेमकं काय? स्पेलिंग चुकलं, मधलं नाव राहिलं, की आडनाव न नाव उलटसुलट झालं? तिकीट कोणत्या नावावर आहे? फोटो मात्र इथं टाकू नका, पासपोर्ट नंबर दिसतो.

सेलूकर
६ तारखेला उडायचं असेल तर आधी रेल्वेचं बघा. मे महिन्यात जागा राहत नाहीत. देवगिरीनं रात्री निघालात की सकाळी मुंबई. मी कायम तिनंच जातो.

मांजराकाठ
आडनावच वेगळं आहे. तिकीट व्हिसावरच्या नावानं काढलंय. आणि देवगिरी लातूरवरून जात नाही हो.

सेलूकर
लातूर आहे हे सांगायचं न आधी. परभणीला येऊन बसा मग.

गोदाकाठचा
लातूरहून मुंबईला थेट गाडी असताना परभणीला कामून जातील त्या? विषय व्हिसाचा चाललाय.

फिरस्ता उदगीर
ताई, असं अजिबात जाऊ नका. आम्ही दोघं दोन वर्षांमागं गेलो तेव्हा मंडळींच्या व्हिसावर मधलं नाव सुटलं होतं. हनोईला पोचल्यावर बघू म्हटलं, पण मुंबईतच चेक-इनला अडवलं. काउंटरवरच्या मुलीनं पेन घेऊन पासपोर्टचं एकेक अक्षर व्हिसाशी लावून बघितलं, न पट्ट्यावर ठेवलेली बॅग उचलून परत आमच्या हातात दिली. विमान गेलं, तिकिटाचे पैसे गेले. आमचं तर एक नावच सुटलं होतं, तुमचं आडनाव वेगळं आहे. पण हे झालं कसं? एजंटनं भरला का फॉर्म?

बीडचा दादा
मला दुसरंच विचारायचंय. एकट्या चाललात का? कोणाकडं? कंपनीसोबत गेलं की असल्या चुका होत नाहीत.

मांजराकाठ
एकटीच. एका माणसाला भेटायला. दोन वर्षांची ओळख आहे, ऑनलाइन झालेली. भेट पहिलीच. फॉर्म मीच भरला.

बीडचा दादा
आता कळलं. ताई, राग येऊ द्या, पण थांबा. माझ्या चुलतभावाला अशाच एका परदेशी 'मैत्रिणी'नं बुडवलं. भेट पाठवली, कस्टममध्ये अडकली, सोडवायला पैसे भरा, असं करत करत ४ लाख गेले. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला तोवर पैसे पुढच्या पुढं गेले होते. आणि माणसं नुसती लुटत नाहीत. थायलंडला बोलावतात, मे सोत नावाच्या गावावरून सीमेपलीकडं म्यानमारात नेतात, पासपोर्ट काढून घेतात. २०२५ मध्ये तिथल्या ऑनलाइन फसवणुकीच्या अड्ड्यांतून सुटलेल्या आपल्या शेकडो पोरांना सरकारनं विमानं पाठवून आणलं. त्यालाच इकडं बोलवा. त्यांनाही आपला ई-व्हिसा मिळतो. वेरूळ-अजिंठा बघेल, तुम्ही आपल्या माणसांत राहाल.

राधाक्का नांदेड
दादा, ती पोरं नोकरीच्या आमिषानं गेली होती. हिचं तिकीट थेट हनोईचं आहे, कुठली सीमा ओलांडायची नाही. तुमची काळजी खरी, पण बाईनं व्हिसा विचारला की आपण तिची उलटतपासणीच सुरू करायची का? बाळ, दोनच गोष्टी सांग: व्हिडिओवर बोलणं होतं का, आणि त्यानं कधी पैसे मागितले का?

मांजराकाठ
रोज होतं. माझी नीटच्या पोरांची मेस आहे, ४० डबे. रात्री ९ ला भांडी पडली की मी फोन लावते, त्याच्याकडं साडेदहा वाजलेले असतात. इंग्रजी बोलायच्या सरावाच्या अ‍ॅपवर ओळख झाली, दोघांचंही इंग्रजी कच्चं. निन्ह बिन्हला त्याचं मोटरसायकल दुरुस्तीचं दुकान आहे, ते मी सकाळ-संध्याकाळ, गिऱ्हाईक असताना, पाऊस असताना बघितलंय. त्याची आई माझ्या आईशी हातवारे करून बोलते. एक रुपया मागितला नाही. त्यांच्यात भेटल्यावर 'जेवलीस का' असंच विचारतात, 'आन कोम चुआ'. तो माझ्या आईला ते मराठीत विचारतो.

इकडं बोलवा म्हणता, पण लातुरात मी त्याला ठेवू कुठं? घरमालक मेससकट बाहेर काढतील. नीटचा पेपर झाला की पोरं गावाकडं जातात, मेस बंद असते. वर्षात तेवढेच दिवस माझे असतात.

आता नावाचं सांगते, म्हणजे परत परत विचारणं नको. पासपोर्ट २०१९ चा आहे, लग्नानंतरचा, त्यावर सासरचं आडनाव. २०२२ ला घटस्फोट झाला. आधार, पॅन, बँक सगळं माहेरच्या नावावर करून घेतलं. पासपोर्ट तेवढा राहिला, कारण कुठं जायचंच नव्हतं. फॉर्म भरताना तो समोर उघडाच होता. काय छापलंय ते मला दिसत होतं. पण ते नाव घेऊन मला त्याच्या दारात जायचं नव्हतं, म्हणून माझं नाव टाकलं. वाटलं, आधार दाखवलं की समजून घेतील.

फिरस्ता उदगीर
समजलं ताई. पण देशाबाहेर आधारला कोण ओळखत नाही. पासपोर्टवर जे छापलंय तेच तिथं तुमचं नाव. झालेला व्हिसा दुरुस्त करत बसू नका, नवा अर्ज भरा. एका प्रवेशाचे २५ डॉलर, आधीचे गेले समजा. आडनावाच्या रकान्यात पासपोर्टवरचं आडनाव, नावाच्या रकान्यात नाव, अक्षर न अक्षर. सरकारी साइटच्या पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट व्हीएन असतं, दुसरीकडं दलाल बसलेत. आजच भरा. ते ३ कामाचे दिवस म्हणतात, पण शनिवार-रविवार त्यात धरत नाहीत आणि ३० एप्रिल न १ मे त्यांची राष्ट्रीय सुट्टी. उद्या-परवा करत बसलात तर लटकाल. आणि विमान कंपनीला सकाळी फोन करून तिकिटावरचं नाव बदलून घ्या.

गोदाकाठचा
त्यापेक्षा पासपोर्टच माहेरच्या नावानं तत्काळमध्ये काढला तर? माझ्या मेहुण्याचा आठ दिवसांत आला होता.

फिरस्ता उदगीर
नाव बदलायचं म्हणजे घटस्फोटाचा हुकूम (डिक्री), पोलिस पडताळणी. १२ दिवसांत कुठं? आणि नव्या पासपोर्टचा नंबर नवा, म्हणजे व्हिसा परत पहिल्यापासून. भलतं सुचवू नका.

वकील धाराशिव
इथं कायद्याची बाजू कोणी मांडली नाही. परदेशी व्यक्तीशी भारतात विवाह करायचा तर विशेष विवाह कायदा, १९५४. त्याआधी ३० दिवसांची नोटीस लागते, आणि दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात ३० दिवस वास्तव्य हवं. परदेशात करायचा तर परदेशी विवाह कायदा, १९६९. घटस्फोटाच्या हुकुमाची प्रमाणित प्रत दोन्हीकडं लागेल.

राधाक्का नांदेड
वकीलसाहेब, अजून पोरगी विमानात बसली नाही.

बाळ, माझं ऐक. निदान पहिल्या दोन रात्री हनोईत स्वतःच्या पैशानं हॉटेल घे, बुकिंग त्याला करू देऊ नको. त्याच्या घरी राहिलीस तर तिथल्या पोलिसांकडं परदेशी पाहुण्याची नोंद करावी लागते, ती त्यानं केली का ते विचार, लाजू नको. परतीचं तिकीट छापून ठेव. कोणाचंही पार्सल, औषधाचं पाकीटसुद्धा, स्वतःच्या बॅगेत घालू नको. अमली पदार्थ नेताना सापडलं तर तिथं जन्मठेपसुद्धा होते. आपल्या वकिलातीचा नंबर कागदावर लिहून आईकडं दे, मोबाइल बंद पडतो. मी धाकट्या बहिणीला हेच सांगितलं असतं.

बीडचा दादा
राधाक्कांचं बरोबर आहे. आईला रोज ठरलेल्या वेळेला फोन करा, एक दिवस चुकला तरी घरचे हालले पाहिजेत. माझं बोलणं लागलं असेल तर सोडून द्या ताई.

सेलूकर
शाकाहारी असाल तर 'चाय' लिहिलेलं हॉटेल बघा. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ शाकाहारी. चहा मागायला जाऊ नका तिथं.

मांजराकाठ (४ मे, रात्री ९.५०)
व्हिसा ३० तारखेच्या आत काही आला नाही, आज दुपारी आला. तोवर घास गिळत नव्हता. तिकिटावरचं नाव बदलून मिळालं, जास्तीचे पैसे गेले. फिरस्ता दादा, तुम्ही थांबवलं नसतं तर मी काउंटरवरून परत आले असते. बीडच्या दादांचा राग नाही. हॉटेल माझं मी घेतलंय, नंबर आईच्या पोथीत ठेवलाय.

फॉर्ममध्ये ते आडनाव टाइप करताना दोनदा खोडलं. मग आईनं शेजारी बसून एकेक अक्षर वाचून दाखवलं, मी बटणं दाबत गेले. तो विमानतळावर पाटी घेऊन उभा राहणार आहे. पाटीवर माझं नाव लिही म्हटलं, पासपोर्टवरचं नाही. त्यानं मराठीत कसं लिहायचं ते पाठवायला सांगितलंय.

फिरस्ता उदगीर
बेस्ट. व्हिसाच्या दोन छापील प्रती घ्या, एक पर्समध्ये, एक बॅगेत. आणि परत आल्यावर पहिलं काम पासपोर्टचं. डिक्रीची प्रमाणित प्रत आत्ताच अर्ज करून काढायला टाका, कोर्टाला सुट्ट्या लागतील.

गोदाकाठचा
ताई, तुमची मेस लातुरात कोणत्या भागात आहे? भाच्याला जूनपासून ठेवायचंय.