क्रीडा दिनाला हॉकी स्टिक द्यायची आहे, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. वणी तालुक्यातल्या एका गावात शिक्षिका आहे, वय 34. आमचे क्रीडाशिक्षक माझ्याच वयाचे, अविवाहित, आणि मला मनापासून आवडतात. मुलींच्या हॉकी संघासोबत आम्ही दोघंच असतो. पावसात काळ्या मातीत बॉल रुततो, म्हणून सर मुरमाच्या पट्ट्यावर ड्रिबलिंग घेतात. काय जीव लावतात पोरींना! त्यांच्या स्टिकची ग्रिप पार उसवली आहे, वायरमनच्या काळ्या टेपवर काम चाललंय. 29 ऑगस्टला, ध्यानचंदांच्या जयंतीला, नवी स्टिक देऊन मनातलं सांगावं म्हणते. सरांची उंची पावणेसहा फूट, स्टिक 36.5 इंची घेऊ की 37.5? मुरमावर लाकडी टिकेल की कंपोझिट, म्हणजे फायबरची? आणि स्टाफरूममध्ये गवगवा न होता विचारू कसं? सांगा न जी.