डाव्या गुडघ्याचं काय?

पॉवर स्टिअरिंग आल्यापासून ट्रक चालवणं सोपं झालं, असं सगळे म्हणतात. खरंय, पण अर्धंच. हात सुटले, क्लच दाबणारा डावा पाय कुठे सुटला?

माझे मामा नाशिक-मुंबई लाइनला वीसेक वर्षं होते. कसारा घाटाचं त्यांना काही वाटायचं नाही, वाट लागायची ती भिवंडीच्या ट्रॅफिकमध्ये. लोड गाडी, पुढचा दहा फूट सरकला की क्लच दाब, पहिला टाक, सोड, परत दाब. तासाभरात गुडघा भरून यायचा. जुन्या गाडीला गिअर पाडताना डबल क्लच: दाबून न्यूट्रल, सोडून रेस द्यायची, पुन्हा दाबून खालचा गिअर. नव्या गाड्यांना क्लच हलका करणारा हवेचा बूस्टर असतो, पण हवा गळायला लागली की पेडल दगडासारखं. आणि मालक म्हणणार, "पुढच्या खेपेला बघू."

१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मोठ्या ट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय. उत्तमच. इंजिनाची धग मांडी भाजायची अक्षरशः. पण मला विचाराल तर आधी सीट द्या. मामांच्या सीटचा फोम कधीच संपला होता, घडी घातलेल्या गोधडीवर बसून त्यांनी गाडी हाकली. गुडघ्याआधी कंबर गेली ती त्यामुळेच.

ऑटोमॅटिक गिअरचे ट्रक आलेत आता. मामांनी एकदा हौसेने चालवून पाहिला, तर डावा पाय सारखा क्लच शोधत होता.