पेशी मेल्याची तपासणी ६,८०० रुपयांना: करावी का?

चर्चगेट_स्लो
वय ३४, गोरेगाव. फोर्टात अकाउंट्सला आहे. तीन वर्षांपूर्वी अँकिलॉसिंग स्पॉन्डिलायटिस (कण्याच्या आणि कंबरेच्या सांध्यांना सूज आणणारा आजार) निघाला, त्याच्याशी जोडलेली एचएलए-बी२७ ही जनुकाची टेस्टही पॉझिटिव्ह. सकाळी तासभर कंबर नुसती लाकूड. गाडीत खिडकी मिळाली तरी बसत नाही, कारण बसलो की चर्चगेटला उठताना माझा आजोबा होतो.

परवाचे अंगातली सूज दाखवणारे रक्ताचे रिपोर्ट: सीआरपी ३.८, ईएसआर १४. दोन्ही नॉर्मल, आणि मी मात्र रात्री तीनला उठून घरात फेऱ्या मारतोय. रक्त न्यायला आलेल्या मुलाने एक कागद दिला: 'पेशीमृत्यू पॅनेल'. त्यात एचएसपी २७, एचएसपी ७० आणि 'कापलेलं सायटोकेरॅटिन-१८'. आजार आतून किती खातोय ते यात दिसतं म्हणे. बायको म्हणते, करून टाका, एकदाचं कळेल तरी. कुणी केलंय का?

गिरणगावकर
कागद देणाऱ्याला त्यात किती मिळतात ते आधी विचारा.

नळीवाली_मावशी
परळच्या लॅबमध्ये २६ वर्षं नळ्या फिरवतेय, तेव्हा जरा सविस्तर लिहिते. डॉक्टर नाही मी.

आमच्या चाळीचंच उदाहरण घ्या. इमारत दोन तऱ्हांनी जाते. एक म्हणजे रीतसर पाडकाम: आधी कौलं उतरवतात, मग तुळया मापात कापून बाजूला रचतात, शेजारच्या घराला ओरखडाही येत नाही. पेशीच्या अशा मरणाला अपॉप्टोसिस म्हणतात. १९७२ साली हे नाव ठेवलं तेव्हा पानगळीचा ग्रीक शब्द घेतला होता. दुसरी तऱ्हा जुलैतल्या पावसातली. इमारत बसते, राडारोडा रस्त्यावर, अख्खी गल्ली बोंबलत बाहेर. तो नेक्रोसिस. त्यात पेशीतला माल सांडतो आणि सूज भडकते.

आता तुमचा कागद. सायटोकेरॅटिन-१८ ही पेशीतली तुळई. पाडकाम करणारी कॅस्पेज नावाची एन्झाइम्स ती ठरावीक जागी कापतात आणि टेस्ट तेवढं कापलेलं टोक पकडते. टेस्टची कल्पना हुशारीची आहे, नाही म्हणत नाही. पण ही तुळई असते आतडं, यकृत, फुप्फुस यांच्या अस्तरात. सांध्याचं अस्तर त्या जातीचं नाहीच! यकृतावर चरबी चढलेल्यांतही हा आकडा वाढतो. म्हणजे दुखतेय कंबर आणि बोलतोय रोजचा वडापाव, असंही व्हायचं.

एचएसपी ही प्रथिनं म्हणजे टेकू. मोडकळीला आलेल्या इमारतीला म्हाडा लावते तसे. पेशीवर ताण आला की ती हे टेकू उभे करते, आणि ते चक्क कॅस्पेजचं काम अडवतात. मग रक्तात टेकू जास्त सापडले तर इमारत पडली की वाचली? नुसत्या आकड्यावरून मला तरी सांगता येणार नाही. आजारी आणि निरोगी माणसांचे गट समोरासमोर ठेवून संशोधक अशी प्रथिनं मोजतात, ते योग्यच आहे. पण तुमच्या एकट्याच्या आकड्यावरून तुमचे डॉक्टर गोळी बदलणार नाहीत.

आणि जे कागदावर कधीच छापत नाहीत ते मी सांगते. मे महिन्यात स्कूटरच्या डिकीत दोन तास शिजलेली नळी आमच्याकडे येते. सेंट्रिफ्यूज केल्यावर, म्हणजे यंत्रात गरगर फिरवल्यावर, वरचं सीरम पिवळं दिसायला हवं, ते कोकम सरबतासारखं लाल दिसतं. लाल पेशी फुटलेल्या असतात. अशा नळीत एलडीएच (पेशीतलं एक एन्झाइम) आणि पोटॅशियम खोटंच वाढतं. पेशी माणसाच्या अंगात मेल्या की नळीत, हे मशीनला कळत नाही. अशी नळी मी परत पाठवते, मग पोरं माझ्या नावाने खडे फोडतात.

चर्चगेट_स्लो
मावशी, वडापाव वर्मी लागला. पण मग सीआरपी नॉर्मल कशी?

नळीवाली_मावशी
सीआरपी यकृतात बनते, सुजेचा निरोप पोचला की. तुमच्या आजारात बऱ्याच जणांची नॉर्मलच राहते. म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. कंबरेखालच्या त्या दोन सांध्यांचा एमआरआय झालाय का? हाडाच्या आतली सूज त्यात दिसते. पैसे घालायचेच तर डॉक्टरांना विचारून तिथे घाला. आणि रात्री तीनला उठावं लागतं हे त्यांना आठवणीने सांगा, माणसं नेमकं तेच विसरतात.

ल्युपसवाली_दादर
थोडं विषयांतर. माझ्या आजारात, ल्युपसमध्ये (शरीराची प्रतिकारशक्ती शरीरावरच उलटते), घोळ राडारोडा उचलण्याचा आहे. मेलेल्या पेशी वेळेत उचलल्या जात नाहीत आणि शरीर त्यांतल्या डीएनएवरच अँटिबॉडी काढतं. सी१क्यू हे प्रथिन त्या साफसफाईतलं. ते जन्मतःच नसलेल्या बहुतेकांना ल्युपस होतो. तरी माझे डॉक्टर दर खेपेला सी३, सी४ (रक्तातली प्रतिकाराची प्रथिनं), डीएस-डीएनए (डीएनएवरच्या त्याच अँटिबॉडीची टेस्ट) आणि लघवीच बघतात. पेशीमृत्यूचं पॅनेल त्यांनी कधी काढलं नाही.

चर्चगेट_स्लो
एमआरआय तीन वर्षांपूर्वीचा आहे. बायकोला वाचून दाखवलं, तिला म्हाडाचे टेकू लगेच पटले (माहेर लालबागचं). शनिवारी डॉक्टरांकडे जातोय, त्याआधी सीआरपी पुन्हा करायला सांगितलीय. उपाशीपोटी जाऊ?

नळीवाली_मावशी
सीआरपीला उपास लागत नाही. चहा घेऊन जा. आणि लॅबमध्ये जाऊनच द्या, डिकीतून नको.