कार्यकारिणीच्या चर्चा सदस्यांसाठी किती खुल्या ठेवायच्या?

प्रश्न
संस्था पूर्णपणे स्वयंसेवकांवर चालते. सदस्य 150, कार्यकारिणी 11 जणांची. खर्च, करार वगैरे सगळं कार्यकारिणी ठरवते आणि सदस्यांना ठरल्यावर कळतं. त्यामुळे कुजबुज वाढली आहे. पण सगळंच खुलं केलं तर दरांची घासाघीस आणि वैयक्तिक तक्रारीही चव्हाट्यावर येतील. रेघ कुठे ओढायची?

उत्तर 1
विषय समोर आल्यावर ओढू नका, आधीच नियमावलीत लिहा. बंद बैठक चारच गोष्टींसाठी: व्यक्तीविरुद्धची तक्रार, मदत घेणाऱ्यांची खासगी माहिती, चालू वाटाघाटी, वकिलाचा सल्ला. 'संवेदनशील विषय' असा मोघम शब्द कृपा करून घालू नका, हळूहळू निम्मी विषयपत्रिका त्यात जाऊन बसते. बंद बैठक झाली, तर ती कशासाठी हे इतिवृत्तात एका ओळीत यायलाच हवं. करारावर सह्या झाल्या की रक्कम खुली.

उत्तर 2
विषयपत्रिका सात दिवस आधी द्या, सोबत ठरावाचा मसुदा, अंदाजे रक्कम आणि नाकारलेले पर्याय. नुसतं 'छपाई: चर्चा' वाचून सदस्य काय मत देणार? अपाची सॉफ्टवेअर फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअर बनवणाऱ्या संस्थेच्या प्रकल्पांत मतदान साधारणपणे किमान 72 तास खुलं असतं, कारण स्वयंसेवक आपापली नोकरी आणि वेगवेगळ्या देशांतल्या वेळा सांभाळून येतात. त्यांच्या संचालक मंडळाची इतिवृत्तंही खासगी भाग वगळून प्रसिद्ध होतात.

प्रश्नकर्ता
मुदतीत कुणीच काही बोललं नाही तर?

उत्तर 2
किरकोळ आणि मागे घेता येण्याजोग्या कामात मौन म्हणजे संमती धरा. ठरावीक रकमेवरचा खर्च, घटनादुरुस्ती, सदस्यत्व रद्द करणं, इथे प्रत्यक्ष मतंच मोजा.

उत्तर 3
खरी गोम इतिवृत्तात असते. 'चर्चेअंती ठराव मंजूर' यातून काहीच कळत नाही. असं लिहा: 'छपाईसाठी 3 दरपत्रकं आली. मधल्या दराचं घेतलं, कारण सर्वांत स्वस्तात बांधणी धरलेली नव्हती. बाजूने 7, विरोधात 2. एका सदस्याचे नातलग पुरवठादार असल्याने ते सदस्य चर्चेच्या वेळी बाहेर होते.' मसुदा 10 दिवसांत सदस्यांकडे जाऊ द्या. पुढच्या बैठकीत कायम होईपर्यंत थांबलात, तर पैसे खर्च होऊन गेल्यावर हरकती येतात, आणि त्यांचं उत्तर मग कुणाकडेच नसतं.